खातं आहे, तरी एडिटर उघडत नाही: नोंदणी, सीट आणि लायसन्सची पडताळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनचं खातं उघडलं, ईमेलची पडताळणी झाली, हबमध्ये (युनिटीच्या आवृत्त्या आणि लायसन्स सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) साइन-इनही होतं. तरी एडिटर, म्हणजे गेम प्रत्यक्ष बनवायचा प्रोग्राम, ‘नो व्हॅलिड युनिटी एडिटर लायसन्स फाउंड’ असं सांगून बंद होतो. गट चौघांचा आहे, तेव्हा एकाच लॉगिनवर सगळ्यांनी काम केलं तर चालेल का? बिल्डसाठी, म्हणजे प्रोजेक्टपासून चालवता येणारा गेम तयार करायला, वेगळी मशीन आहे, तिचं काय करायचं? आणि पुढे गेमला पैसे मिळायला लागले तर मोफत लायसन्सचं काय होतं?

गेम बनवणाऱ्या टीम्सची टूल्स आणि बिल्डची व्यवस्था बघणं हे माझं रोजचं काम आहे. हे चारही प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत असतात. ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांब होईल.

तुमचं काम अडलंय, म्हणून आधी तेवढं सोडवू. हब पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटल्याने तो बंद होत नाही, ट्रेमधल्या आयकॉनवरून क्विट करावं लागतं. मशीनची तारीख, वेळ आणि टाइम झोन बरोबर आहे का बघा. हब पुन्हा उघडा, साइन आउट करून परत साइन-इन करा आणि प्रेफरन्सेसमधलं ‘लायसन्सेस’ हे पान उघडा. पर्सनल लायसन्स बऱ्याचदा पहिल्या साइन-इनलाच आपोआप लागतं, पण लागलं नसेल तर या पानावर ते दिसणार नाही. मग ‘ॲड’ दाबून मोफत पर्सनलचा पर्याय निवडा. यादीत दिसत असेल तर रिफ्रेश करा. बहुतेकांचा एडिटर इथेच सुरू होतो. तुमचा झाला नाही, तर दोष खात्यात नाही असं धरून पुढे वाचा.

लोकांचा घोटाळा होतो तो ‘खातं’ आणि ‘लायसन्स’ एकच समजण्यात. प्रत्यक्षात इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या ठिकाणी होते. खातं सांगतं तुम्ही कोण. त्या खात्याला काय वापरायचा हक्क आहे, ते कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. मोफत पर्सनल असो की प्रो या सशुल्क लायसन्सची विकत घेतलेली सीट, म्हणजे एका माणसापुरता वापराचा हक्क. तिसरं ॲक्टिव्हेशन, म्हणजे तो हक्क याच मशीनवर लागू झाल्याचा पुरावा, आणि तो तुमच्या डिस्कवर असतो. ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केल्याने फक्त पहिली गोष्ट झाली. एडिटर उघडताना तिसरी मागतो. कुणी मला ‘लायसन्स चालत नाही’ म्हटलं की मी आधी एवढंच शोधतो: तिघांपैकी मोडलंय काय? वेबसाइटवर लॉगिन होत नसेल तर खातं. लॉगिन होतं पण खात्याच्या पानावर सीटच दिसत नसेल तर हक्क. तिथे सगळं दिसतं आणि एडिटर तरी नकार देतो, तर मशीन.

हक्काच्या बाबतीत एक हमखास फसगत सांगतो. युनिटीमध्ये सशुल्क सीट्स ऑर्गनायझेशनच्या (युनिटीकडे नोंदवलेल्या गटाच्या) नावावर विकत घेतल्या जातात आणि मग त्या माणसांना असाइन कराव्या लागतात. पैसे भरणारा ओनर स्वतःला सीट द्यायलाच विसरतो. पावती आलेली, कार्डातून रक्कम गेलेली, आणि हब मात्र पर्सनलच दाखवतो. ओनर असणं आणि सीट असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. आधी वेबवरच्या डॅशबोर्डवर जाऊन सीट कुणाच्या नावावर आहे ते बघा.

मशीनवर नेमकं काय तपासलं जातं

युनिटीच्या पारंपरिक पद्धतीत ॲक्टिव्हेशननंतर एक ‘.यूएलएफ’ फाइल तयार होते. विंडोजवर ती सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरमधल्या ‘युनिटी’ फोल्डरात असते, मॅकवर ‘लायब्ररी’च्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये. आत एक्सएमएल आहे. त्यात लायसन्सचा प्रकार, मुदत आणि मशीनच्या हार्डवेअरवरून काढलेल्या ओळखी असतात, आणि शेवटी कंपनीची डिजिटल सही. या सहीमुळे फाइल नोटपॅडमध्ये उघडून तारीख बदलण्याला काही अर्थ उरत नाही. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि एडिटर अख्खी फाइलच नाकारतो. सही तपासायला इंटरनेट लागत नाही, सार्वजनिक किल्ली एडिटरसोबतच येते. नव्या आवृत्त्यांमध्ये या कामासाठी वेगळा ‘लायसन्सिंग क्लायंट’ पार्श्वभूमीवर चालतो आणि सर्व्हरशी बोलून साइन-इन केलेल्या माणसाचा हक्क तपासतो. तिथे हबमध्ये साइन-इन असणं गरजेचं ठरतं. त्यामुळे ‘कालपर्यंत चालत होतं, आज साइन आउट झालो आणि बंद पडलं’ यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

हार्डवेअरच्या ओळखी हा मात्र खरा डोकेदुखीचा भाग. मदरबोर्ड बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली, व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की ओळख बदलते आणि लॉगमध्ये (प्रोग्राम स्वतःच्या नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये) ‘मशीन बाइंडिंग्ज डोन्ट मॅच’ असा संदेश येतो. जुनी ‘.यूएलएफ’ फाइल नव्या मशीनवर कॉपी करूनही हेच होतं. उपाय सोपा आहे: जुनी फाइल बाजूला हलवा आणि नव्याने ॲक्टिव्हेट करा. पर्सनलला एवढं पुरतं. प्रोला मात्र हिशोब सांभाळावा लागतो, कारण एका सीटवर दोनच ॲक्टिव्हेशन मिळतात. डेस्कटॉप आणि लॅपटॉप झाले की संपलं. म्हणून मशीन फॉरमॅट करण्याआधी हबमधून लायसन्स परत करा. ते राहून गेलं आणि मशीन गेली, तर वेबवर आपल्या खात्यात जाऊन जुनी ॲक्टिव्हेशन्स काढता येतात का बघा. नाही जमलं तर सपोर्टला लिहावं लागतं.

आता कारणं. माझ्या पाहण्यात वारंवार येणारी चारच आहेत.

घड्याळ सगळ्यात आधी, आणि लोक याच गोष्टीला हसतात. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की मशीन प्रत्येक वेळी जुन्या तारखेला जागी होते. तारीख चुकली की सर्व्हरचं टीएलएस प्रमाणपत्र (तो सर्व्हर खराच असल्याचा पुरावा) ‘अजून वैध नाही’ किंवा ‘मुदत संपली’ असं ठरतं, जोडणीच होत नाही, आणि पडद्यावर संदेश मात्र लायसन्सबद्दलचा येतो. शिवाय लायसन्सची स्वतःची मुदतही तारखेवरच तपासली जाते. फोनचं घड्याळ मागेपुढे असेल तर टू-फॅक्टरचा, म्हणजे पासवर्डानंतरच्या दुसऱ्या पडताळणीचा, कोडही नाकारला जातो, कारण ऑथेंटिकेटर ॲपमधले ते सहा आकडे वेळेवरूनच काढलेले असतात आणि साधारणपणे दर 30 सेकंदांनी बदलतात. ‘कोड बरोबर टाकतोय तरी चुकीचा म्हणतंय’ ही तक्रार आली की मी पासवर्डाला हात लावत नाही, फोनची वेळ आपोआप सेट होण्याचा पर्याय सुरू करायला सांगतो.

दुसरं, नेटवर्क. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर प्रॉक्सी असते, म्हणजे इंटरनेटची सगळी ये-जा एका मधल्या सर्व्हरमधून होते. ब्राउझरला ती माहीत असते म्हणून वेबसाइट उघडते. लायसन्सिंग क्लायंटला ती माहीत असेलच असं नाही. युनिटीसाठी ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (ऑपरेटिंग सिस्टिममधल्या सेटिंग्ज) सेट करून मग हब सुरू करावा लागतो. काही ठिकाणी सुरक्षेसाठी मधलं उपकरण एन्क्रिप्टेड वाहतूकही उघडून बघतं आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतं. क्लायंट त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. नेटवर्कचा दोष आहे की मशीनचा, हे ओळखायला फोनचा हॉटस्पॉट लावून एकदा ॲक्टिव्हेट करून बघा. हॉटस्पॉटवर झालं तर वाद मिटला, आता नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी बोला.

तिसरं, होस्ट्स फाइल, म्हणजे कोणत्या नावाचा सर्व्हर कुठे शोधायचा हे सांगणारी मशीनवरची फाइल. जुन्या मशीनवर कधी कुणी क्रॅक केलेली आवृत्ती टाकली असेल तर होस्ट्स फाइलमध्ये कंपनीचे सर्व्हर स्वतःच्याच मशीनकडे वळवलेले सापडतात. ती आवृत्ती कधीच काढून टाकलेली असते, पण ओळी तशाच राहतात. सेकंडहँड मशीन घेतली असेल तर ही फाइल नक्की उघडून बघा.

मग परवानगी. ‘प्रोग्रामडेटा’मध्ये लिहायची मुभा नसेल, किंवा अँटीव्हायरसने तो फोल्डर राखून ठेवला असेल, तर ॲक्टिव्हेशन सर्व्हरवर यशस्वी होतं आणि फाइल मात्र तयारच होत नाही. हब एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघा. पण नेहमी तसाच चालवू नका, नाहीतर पुढे प्रोजेक्टच्या फाइल्सची मालकी बिघडते आणि नवी कटकट सुरू होते.

अंदाज करत बसण्यापेक्षा लॉग वाचा. विंडोजवर ‘लोकल ॲपडेटा’मधल्या ‘युनिटी’ फोल्डरात ‘युनिटी.लायसन्सिंग.क्लायंट.लॉग’ असते, आणि त्याच्याच आतल्या ‘एडिटर’ फोल्डरात ‘एडिटर.लॉग’. मॅकवर दोन्ही तुमच्या लायब्ररीतल्या ‘लॉग्ज’मध्ये. शेवटून वर वाचत या. टाइमआउट दिसला तर नेटवर्क, बाइंडिंग दिसलं तर मशीन, एन्टायटलमेंट (हक्क) सापडलं नाही असं दिसलं तर सीट. पडद्यावरचा संदेश तिन्ही वेळी तोच असतो, लॉग मात्र वेगळं बोलतो.

इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी जुनी मॅन्युअल पद्धत आहे: मशीनवर ‘.एएलएफ’ विनंती फाइल काढायची, दुसऱ्या मशीनवरून ती वेबवर द्यायची, मिळालेली ‘.यूएलएफ’ परत आणायची. ही सोय आता सशुल्क लायसन्सपुरतीच आहे, पर्सनलला मिळत नाही. जुने व्हिडिओ बघून लोक अजून तोच रस्ता धरतात आणि वेबपानावर पर्सनलचा पर्याय कुठे गेला ते शोधत बसतात.

एकाच लॉगिनवर चौघं

नको. अटींत बसत नाही म्हणून तर नकोच: लायसन्स माणसागणिक असतं आणि पर्सनल तर मोफतच आहे, मग चौघांनी चार खाती उघडायला अडचण कसली? पण मला त्याहून मोठी भीती दुसरीच वाटते. सामायिक पासवर्ड असला की टू-फॅक्टर बंद ठेवावं लागतं, नाहीतर कोड एकाच्याच फोनवर येतो. कोणी काय बदललं ते कळत नाही. आणि गटातून एकजण गेला की पासवर्ड बदलायचा, म्हणजे बाकी तिघांचंही काम थांबतं.

एका छोट्या स्टुडिओत मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. इंजिनचं खातं, विकत घेतलेले ॲसेट्स (गेमसाठी मिळणारी तयार मॉडेल्स, आवाज, टूल्स), ॲप स्टोअरवरची नोंदणी, सगळं एका बाहेरच्या प्रोग्रामरच्या वैयक्तिक ईमेलवर होतं, कारण सुरुवातीला तोच एकटा कामाला होता. काम संपलं, तो दुसरीकडे गेला, भांडण वगैरे काही नव्हतं. पण प्रत्येक अपडेटच्या वेळी त्याला फोन करून कोड मागायचा, आणि तो झोपलेला असेल तर थांबायचं. सगळं हलवून घ्यायला स्टुडिओला बरेच महिने गेले. काही ॲसेट्स हलवता आलेच नाहीत, ते परत विकत घ्यावे लागले.

म्हणून नोंदणी करतानाच हे करा. गटाचं स्वतःचं डोमेन घ्या आणि ओनरचं खातं अशा पत्त्यावर उघडा जो माणसाचा नाही, कामाचा आहे. त्या पत्त्याची मेल दोघांना पोहोचली पाहिजे. ऑर्गनायझेशन त्या खात्यावर तयार करा. मग प्रत्येकाने स्वतःच्या खात्याने यावं आणि ओनर, मॅनेजर, युजर, गेस्ट यातली भूमिका घ्यावी. रोजचं काम ओनर खात्यावरून करूच नका. टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड त्याच वेळी उतरवून पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि एका कागदावर ठेवा. ते कोड मागायची वेळ येते तेव्हा खात्यात शिरताच येत नसतं, म्हणून नंतर बघू म्हणून चालत नाही.

गूगल किंवा ॲपलच्या बटणाने नोंदणी करणं सोपं असतं, पण इंजिनच्या खात्यासाठी मी ते टाळतो. ॲपलच्या ‘हाइड माय ईमेल’ने नोंदणी केली तर कंपनीकडे तुमचा खरा पत्ता नसतो, एक रिले पत्ता असतो, जो मेल तुमच्याकडे पुढे पाठवतो. नंतर सहकारी तुमच्या नेहमीच्या ईमेलवर ऑर्गनायझेशनचं आमंत्रण पाठवतो, तुम्ही त्याच ईमेलने साइन-इन करता आणि नवंच रिकामं खातं तयार होतं. मग एकाच माणसाची दोन खाती, एकावर सीट आणि दुसऱ्यावर प्रोजेक्ट. ‘माझी सीट गायब झाली’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, तू नोंदणी कोणत्या बटणाने केली होतीस?

ॲसेट स्टोअरची खरेदीही यातच मोडते. युनिटीच्या ॲसेट स्टोअरवर एडिटरची एक्स्टेन्शन्स सीटगणिक घ्यावी लागतात: चौघं वापरणार तर चार. मॉडेल्स, टेक्स्चर्स, आवाज यांना हा नियम तसा लागत नाही. अनरियल इंजिन बनवणाऱ्या एपिकच्या, ऑक्टोबर 2024मध्ये सुरू झालेल्या फॅब या ॲसेट बाजारावर वेगळीच विभागणी आहे, तिथे पर्सनल आणि प्रोफेशनल अशा दोन पातळ्या असतात आणि मागच्या 12 महिन्यांत 1,00,000 डॉलरपेक्षा जास्त मिळवणाऱ्याला प्रोफेशनल घ्यावी लागते. पावत्या जपून ठेवा. प्रकाशक करार करायला आला की तो ‘हे मॉडेल तुमचंच कशावरून’ असं विचारतो.

बिल्डची मशीन

तुमची बिल्ड मशीन म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला एखादा संगणक असेल आणि पर्सनलवर असाल, तर तिथे हबने एकदा साइन-इन करा आणि सोडून द्या. गंमत सुरू होते ती डॉकर किंवा क्लाउडमधल्या तात्पुरत्या मशीनवर. प्रत्येक कंटेनर, म्हणजे डॉकरने कामापुरती उभी केलेली आभासी मशीन, नवी ओळख घेऊन जन्माला येतो, त्यामुळे लायसन्सच्या दृष्टीने दर बिल्डला नवी मशीन. प्रो सीटची दोन ॲक्टिव्हेशन्स अशीच संपतात: बिल्ड मधेच कोसळते, लायसन्स परत करायची पायरी चालतच नाही, आणि तिसऱ्या बिल्डला नकार. कमांड लाइनवरून सीरियल (लायसन्सचा क्रमांक), युजरनेम आणि पासवर्ड देऊन ॲक्टिव्हेट करता येतं आणि ‘रिटर्नलायसन्स’ या पर्यायाने परत करता येतं. ही परतीची पायरी बिल्ड फसली तरी चालेल अशा ठिकाणी लावा. जवळपास प्रत्येक सीआय सिस्टिममध्ये (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) ‘नेहमी चालव’ असा पर्याय असतो. आणि सीरियल, पासवर्ड रेपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) लिहू नका, सीआयच्या सीक्रेट्समध्ये, म्हणजे गुप्त साठ्यात, ठेवा. ‘.यूएलएफ’ फाइलही सीक्रेटच समजा. कमांड लाइनचा अख्खा लॉग सार्वजनिक ठेवणारे लोक त्यातून सीरियलही सार्वजनिक करून बसलेले मी पाहिलेत.

माणसं जास्त आणि बिल्ड मशीन्सही जास्त झाल्या की युनिटीचा लायसन्सिंग सर्व्हर आणि त्यावरची बिल्ड सर्व्हर लायसन्सेस असा रस्ता आहे. तिथे हक्क मशीनला चिकटत नाही, कामापुरता घेतला आणि परत ठेवला जातो. चौघांच्या गटाला त्याची गरज नाही.

पैसे यायला लागले तर

मोफत लायसन्स म्हणजे व्यावसायिक वापराला बंदी असा एक समज आहे. पर्सनलवर बनवलेला गेम विकता येतो. मर्यादा आहे ती उत्पन्नाची. युनिटी 6 पासून ही मर्यादा मागच्या 12 महिन्यांत 2,00,000 डॉलर आहे, त्याआधी 1,00,000 होती. त्यापुढे प्रो लागतं, आणि अडीच कोटी डॉलरच्या वर एंटरप्राइझ. सप्टेंबर 2023मध्ये कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलवर आकारायची रनटाइम फी जाहीर केली होती, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर 2024मध्ये, ती गेम्ससाठी पूर्ण रद्द झाली. त्या वर्षभरातली भीतीदायक गणितं मांडणारे लेख अजून शोधात वर येतात, तारीख बघूनच वाचा.

इथे दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, उत्पन्नात फक्त गेमची विक्री धरत नाहीत, मिळालेला निधीही धरतात. गुंतवणूकदाराने किंवा प्रकाशकाने आगाऊ दिलेली रक्कमही मोजायची. आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीसाठी काम करत असाल तर त्या ग्राहकाचे आकडे बघितले जातात. ग्राहक मोठा असेल तर तुमची स्वतःची कमाई कितीही छोटी असो, त्या कामाला पर्सनल चालत नाही. कराराच्या बोलणीतच सीटचा खर्च कोण करणार ते लिहून घ्या. दुसरी गोष्ट, एकाच प्रोजेक्टवर दोघं प्रोवर आणि दोघं पर्सनलवर अशी सरमिसळ अटींना मान्य नाही. पैसे वाचवायचा हा सगळ्यात लोकप्रिय मार्ग आहे, आणि तपासणीत सगळ्यात आधी सापडणाराही.

हा उंबरठा तुम्ही ओलांडलात की एडिटर आपोआप बंद पडत नाही. ॲक्टिव्हेशनची तपासणी मशीन करते, पात्रतेची तपासणी तुम्ही स्वतः करायची असते. नंतर कंपनी हिशोब मागू शकते. म्हणून दर तिमाहीला कुणीतरी एकाने आकडा बघून नोंदवून ठेवावा.

शैक्षणिक लायसन्सचं वेगळं. तिथे विद्यार्थी असल्याची पडताळणी होते, मुदत असते, आणि अनेक टूल्समध्ये व्यावसायिक वापराला सरळ मनाई. ऑटोडेस्कच्या शैक्षणिक लायसन्सवर माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं मॉडेल विकायच्या गेममध्ये घालता येत नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट पुढे विकायचा विचार असेल तर मॉडेल्स आधीपासूनच ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करा.

बाकीच्या इंजिनांचं थोडक्यात

अनरियलमध्ये तपासणीचा सगळा भर दुसऱ्या टोकाला आहे. लाँचरमधून डाउनलोड करायला एपिकचं खातं लागतं, पण एडिटर एकदा आला की तो मशीन-ॲक्टिव्हेशन मागत नाही. पैसे नंतर: एका गेमची एकूण कमाई 10 लाख डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या रकमेवर 5 टक्के रॉयल्टी, आणि एपिकच्या स्वतःच्या स्टोअरवरची कमाई त्यातून वगळलेली. गेम बाजारात आणताना त्यांना फॉर्म भरून कळवायचं असतं आणि पुढे तिमाही हिशोब द्यायचा असतो. 2024मध्ये आलेल्या 5.4 आवृत्तीपासून गेम सोडून इतर क्षेत्रांतल्या, वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांना सीटगणिक शुल्क लागू झालं, गेमवाल्यांना नाही.

अनरियलचा सोर्स कोड हवा असेल तर एक वेगळीच नोंदणी आहे आणि तिथे हमखास अडतं. एपिकच्या खात्याला गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं खातं जोडायचं, मग गिटहबवर एपिकच्या ऑर्गनायझेशनचं आमंत्रण येतं, ते स्वीकारायचं. लोक पहिलं करतात, दुसऱ्याची मेल बघतच नाहीत. मग रेपॉझिटरीची लिंक उघडली की 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’. लिंक बरोबर असते. खाजगी रेपॉझिटरी बाहेरच्याला ‘अस्तित्वातच नाही’ असं सांगणं ही गिटहबची पद्धत आहे. आमंत्रण सात दिवसांत शिळं होतं. तसं झालं तर जोडणी तोडून पुन्हा जोडा, नवं येईल.

गेममेकर नोव्हेंबर 2023पासून बिगर-व्यावसायिक कामाला मोफत आहे, विकायचं असेल तर एकदाच पैसे भरून लायसन्स, आणि कन्सोलसाठी वर्गणी. गोडो 2014पासून एमआयटी या मुक्त लायसन्सवर मोकळा आहे. खातं नाही, सीट नाही, ॲक्टिव्हेशन नाही. पण जबाबदारी अगदीच नाही असं समजू नका: एमआयटीचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ गेमसोबत द्यावी लागते, आणि आतल्या फ्रीटाइपसारख्या इतर घटकांचीही. श्रेयनामावलीच्या पडद्यावर एक पान जोडलं की झालं. ते न जोडलेले कितीतरी गेम बाजारात आहेत.

कोणी स्वस्तात प्रोची सीरियल देऊ करत असेल तर घेऊ नका. सीट मूळ ऑर्गनायझेशनच्याच नावावर राहते. तिने ती परत घेतली, किंवा चोरीच्या कार्डावरचं पेमेंट उलटलं, की तुमचं ॲक्टिव्हेशन संपलं, आणि तक्रार करायला तुमच्याकडे पावतीही नसते. क्रॅक केलेल्या एडिटरबद्दल एवढंच बघा की तो तुमच्या सोर्स कोडवर, साइनिंग किल्ल्यांवर (गेम तुमचाच असल्याची डिजिटल सही करायच्या) आणि साठवलेल्या पासवर्डांवर पूर्ण हक्काने चालणारा अनोळखी माणसाचा प्रोग्राम आहे.

सपोर्टला लिहायची वेळ आली तर एकाच मेलमध्ये एवढं द्या: खात्याचा ईमेल, ऑर्गनायझेशनचा आयडी, ऑपरेटिंग सिस्टिम, हब आणि एडिटरच्या आवृत्त्या, संदेशाचा शब्दशः मजकूर, हॉटस्पॉटवर काय झालं ते, आणि लायसन्सिंग क्लायंटची लॉग फाइल. सीरियलचे मधले आकडे झाकून पाठवा. पासवर्ड आणि टू-फॅक्टरचा कोड कुणी मागितला तरी देऊ नका, खऱ्या सपोर्टला त्याची गरज नसते. सशुल्क सीट असेल तर तिकीट ओनरच्या खात्यावरून टाका. दुसऱ्या कुणी टाकलं तर ‘ओनरला लिहायला सांगा’ एवढंच उत्तर येतं आणि रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं.